पासवर्ड दिल्यावर काहीच उघडत नाही : फ्रीआरडीपीचा दर सहा महिन्यांनी परतणारा बिघाड

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरच्या एका कर सल्लागार कार्यालयातील आठ संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. हे आठही संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र अंबड औद्योगिक वसाहतीतील शाखेत ठेवलेल्या विंडोज सर्व्हरवर आहे आणि दोन्ही ठिकाणे वायरगार्ड या सुरक्षित खासगी जोडणीने (व्हीपीएन) जोडलेली आहेत. कर्मचारी डेस्कटॉपवरील आयकॉनवर दोनदा क्लिक करतात, एक छोटी खिडकी पासवर्ड विचारते, तो भरला की फ्रीआरडीपी हा मुक्तस्रोत रिमोट डेस्कटॉप क्लायंट सुरू होतो आणि सर्व्हरचा डेस्कटॉप समोर येतो. बिघाड असा, की एखाद्या सकाळी पासवर्डची खिडकी नेहमीप्रमाणे बंद होते, माउसचा बाण क्षणभर फिरतो आणि पुढे काहीच घडत नाही. चूक सांगणारा संदेश येत नाही, काळी खिडकी उघडत नाही, आवाजही होत नाही. पुन्हा क्लिक केले तरी तेच.

हे सप्टेंबरमध्ये व्हायचे आणि मार्चमध्ये व्हायचे. कर सल्लागाराच्या कार्यालयात हे दोन महिने कसे असतात हे वेगळे सांगायला नको : सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण अहवालांची मुदत आणि मार्चअखेर आर्थिक वर्षाचा शेवट. त्यामुळे "काम वाढले की सर्व्हर दमतो" हा निष्कर्ष कार्यालयात केव्हाच पक्का झाला होता आणि तो दिसायला इतका सयुक्तिक होता, की कुणी त्याच्यावर शंका घेतली नाही. गेल्या वेळी त्यात भर पडली ती सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी चाललेल्या खोदकामाची. केबल तुटली असेल, असे सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात अंबडचा सर्व्हर त्याही दिवशी पिंगला व्यवस्थित उत्तर देत होता आणि रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट उघडे होते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती सर्वांत आधी करावी, कारण लाइनचा प्रश्न एकदा बाजूला पडला की उरलेला शोध संगणकापुरता राहतो.

मी हे काम हाती घेण्यापूर्वीच्या तंत्रज्ञाने एक उपाय लिहून ठेवला होता : वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात जाऊन 'फ्रीआरडीपी' नावाचे उपफोल्डर पुसावे, टर्मिनल उघडून एकदा जोडणी करावी, विचारल्यास 'वाय' दाबावे, आणि मग आयकॉन चालू लागतो. उपाय लागू पडत असे, परंतु सहा महिन्यांपुरताच. मी आलो त्या सप्टेंबरला माझ्याकडेही विचार करायला वेळ नव्हता, म्हणून मी त्याहून वाईट गोष्ट केली : आयकॉनमागच्या स्क्रिप्टमधल्या कमांडला '/सर्ट-इग्नोर' हा स्विच, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र तपासू नको असे क्लायंटला सांगणारा पर्याय, जोडला. (स्विचांची नावे या लेखात मी देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत. हायफन आणि कोलन मात्र जिथे दाखवले आहेत तिथेच ठेवावेत, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.) त्यानंतरचा मार्च शांततेत गेला आणि प्रश्न सुटला असे मीही मानले.

पुढे डेबियन १२ वरून १३ वर जाताना मी फ्रीआरडीपीही २ क्रमांकाच्या मालिकेवरून ३ वर नेले. तयार पॅकेज न घेता मूळ कोडमधून एकदा बिल्ड करून (म्हणजे चालवता येईल असा प्रोग्राम स्वतः बनवून) तेच आठही संगणकांवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला कार्यालयातल्या ज्येष्ठ लेखापाल ताईंचा फोन आला. "दादा, मार्च तर अजून लांब आहे, मग हे आत्ताच कसं झालं?" त्यांच्या या प्रश्नात निदानाची निम्मी वाट होती, हे मला नंतर कळले. लक्षण तेच होते, वेळ मात्र ठरलेली नव्हती. म्हणजे कारण तेच असण्याची शक्यता कमी होती.

अशा वेळी आयकॉन विसरून कमांड टर्मिनलमधून चालवावी. आयकॉनच्या मागे असलेल्या 'डेस्कटॉप' फाइलीत 'टर्मिनल' या नोंदीसमोर 'फॉल्स' लिहिलेले असते, त्यामुळे प्रोग्राम जे काही बोलतो ते कुणालाही न दिसणाऱ्या जागी जाते. फ्रीआरडीपी मुका कधीच नसतो, उलट तो बराच बडबड्या आहे. आपण त्याला बंद खोलीत बोलायला लावलेले असते एवढेच. मी स्क्रिप्टमधली ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवली, तेव्हा जोडणीचा प्रयत्नसुद्धा न करता त्याने स्विचांची लांबलचक मदत छापली आणि लॉगमध्ये एका ओळीत सांगितले, की '/सर्ट-इग्नोर' हा 'अनएक्स्पेक्टेड कीवर्ड' आहे. पासवर्ड, सर्व्हर, वायरगार्ड यांपैकी कशाशीही याचा संबंध नव्हता.

हा बदल कोडमध्ये कसा आला हे पाहण्यासारखे आहे, कारण यातून अशा बदलांचा माग काढण्याची रीत कळते. फ्रीआरडीपी हा आरडेस्कटॉप या जुन्या प्रकल्पातून २००९ मध्ये फुटून निघालेला प्रकल्प आहे आणि त्याच्या कमांडलाइनवर वर्षानुवर्षे स्विच साचत गेले. प्रमाणपत्राच्या एकाच विषयासाठी '/सर्ट-इग्नोर', '/सर्ट-टोफू', '/सर्ट-नेम' असे सुटे स्विच होते. ते सगळे '/सर्ट:' या एकाच छत्राखाली आणायचे ठरले, म्हणजे '/सर्ट:इग्नोर', '/सर्ट:टोफू' आणि '/सर्ट:नेम:' याप्रमाणे. हीच मांडणी '/टीएलएस:', '/गेटवे:' आणि '/केबीडी:' या गटांनाही लावली गेली. २ च्या मालिकेतच जुनी नावे कालबाह्य म्हणून नोंदवली गेली होती, ती चालत होती एवढेच. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ३.०.० पासून मात्र जुनी नावे स्वीकारायची की नाही हे बिल्डच्या वेळी ठरणाऱ्या एका पर्यायावर सोपवले आहे आणि तो पर्याय आपण चालू केला नाही तर ती नावे अनोळखी ठरतात. म्हणून एकाच क्रमांकाची आवृत्ती एका यंत्रावर जुना स्विच मुकाट्याने घेते आणि दुसऱ्यावर अडते. मालिका बदलताना "माझ्याकडे तर चालते" या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. डेबियनचे पॅकेज घेणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : तिथे कमांडच्या नावाअखेरीस ३ हा अंक आहे, त्यामुळे जुन्या नावाने हाक मारणारी स्क्रिप्ट मुळात प्रोग्रामपर्यंतच पोहोचत नाही.

कोडच्या इतिहासात हे शोधण्यासाठी सगळे कमिट, म्हणजे गिट या साधनाने नोंदवलेले एकेक बदल, वाचावे लागत नाहीत. कमांडलाइनचे वाचन 'क्लायंट' फोल्डरातील 'कॉमन' या उपफोल्डरात असलेल्या 'सीएमडीलाइन' नावाच्या सी फाइलीत होते, तेव्हा 'गिट लॉग' या कमांडला तेवढ्या एका फाइलीचा मार्ग दिला की यादी आटोक्यात येते. याहून नेमका शोध हवा असेल तर 'गिट लॉग'ला कॅपिटल 'एस' हा स्विच देऊन त्यापुढे हवा तो शब्द लिहावा. ज्या कमिटमध्ये तो शब्द फाइलीत आला किंवा फाइलीतून गेला, तेवढेच कमिट पुढ्यात येतात. स्विच गायब झाला, नाव बदलले, संदेशाची भाषा बदलली, अशा सर्व तक्रारींसाठी हा शोध मला बदलांच्या अधिकृत टिपणापेक्षाही जास्त उपयोगी वाटतो. टिपण ठळक गोष्टी सांगते, आणि आपला बिघाड बहुधा ठळक नसलेल्या गोष्टीत असतो.

शब्द माहीत नसेल आणि "आधी चालत होते, आता चालत नाही" एवढेच हाती असेल, तर 'गिट बायसेक्ट' वापरावे. चांगली आवृत्ती कोणती आणि बिघडलेली कोणती हे त्याला सांगितले की तो मधला कमिट काढून देतो. आपण तो बिल्ड करायचा, जोडणी करून पाहायची आणि 'गुड' किंवा 'बॅड' असे उत्तर द्यायचे. प्रत्येक उत्तरासरशी उरलेले अंतर निम्मे होते, म्हणून १००० कमिटांमधून दोषी कमिट साधारण १० फेऱ्यांत सापडतो. येथे दोन पथ्ये आहेत. चाचणीसाठीचे बिल्ड यंत्रणेत 'इन्स्टॉल' करू नये, तर बिल्ड फोल्डरातूनच थेट चालवावे, अन्यथा नव्या प्रोग्रामला जुनी लायब्ररी लागून असे विचित्र दोष दिसू लागतात की जे कुठल्याच कमिटमध्ये नाहीत. दुसरे असे, की प्रत्येक फेरीत तोच वापरकर्ता, तोच सर्व्हर आणि तेच स्विच ठेवावेत. मी एकदा मधूनच सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता दिला आणि अर्धा दिवस चुकीच्या दिशेला गेलो.

आता मूळ गोष्टीकडे. जुना स्विच काढून टाकल्यावर मी त्याच्या जागी लगेच '/सर्ट:इग्नोर' लिहिले नाही. काही न लिहिता जोडणी केली, तेव्हा टर्मिनलमध्ये प्रश्न उमटला. सर्व्हरचे नाव, प्रमाणपत्र कोणी दिले, त्याचा ठसा (प्रमाणपत्रावरून काढलेला ओळख-आकडा) काय, हे सांगून त्याने विचारले की या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा का, आणि उत्तरासाठी 'वाय', 'टी' व 'एन' हे तीन पर्याय दिले. 'वाय' म्हणजे कायमचा विश्वास, 'टी' म्हणजे या वेळेपुरता, 'एन' म्हणजे नाही. इथे जुन्या उपायाचे रहस्य उलगडले. आयकॉनवरून चालवल्यावर हाच प्रश्न पडद्याआड विचारला जात होता, उत्तर वाचायला टर्मिनल नव्हते, उत्तर मिळाले नाही म्हणजे नकार असे समजून प्रोग्राम बंद होत होता. फोल्डर पुसण्याची तर गरजच नव्हती. काम करत होता तो टर्मिनलमध्ये दाबलेला 'वाय'. दोन वर्षे आम्ही औषधाबरोबर दिलेल्या पाण्यालाच औषध समजत होतो.

पण मग तो प्रश्न दर सहा महिन्यांनी का पडावा? याचे उत्तर अंबडच्या सर्व्हरवर होते. विंडोज सर्व्हरला आपण रिमोट डेस्कटॉपसाठी वेगळे प्रमाणपत्र दिले नाही, तर तो स्वतःच स्वतःसाठी एक तयार करतो. त्याची मुदत सहा महिन्यांची असते आणि ती संपत आली की कोणालाही न विचारता तो नवे बनवतो. इव्हेंट व्ह्यूअरमधील 'सिस्टम' लॉगमध्ये याची नोंद १०५६ या क्रमांकाने राहते. मी तेवढ्या क्रमांकाच्या नोंदी गाळून पाहिल्या तेव्हा त्या एकाखाली एक उभ्या राहिल्या : मार्च, सप्टेंबर, मार्च, सप्टेंबर. सर्व्हर मार्च महिन्यात बसवला गेला होता, एवढेच त्याचे कारण. तो जानेवारीत बसवला असता तर बिघाड जानेवारीत आणि जुलैत झाला असता आणि "काम वाढले की दमतो" हा सिद्धान्त कधी जन्मालाच आला नसता.

क्लायंटच्या बाजूने पाहिले तर तो आपले काम चोख करत होता. एकदा विश्वास ठेवलेल्या सर्व्हरचे प्रमाणपत्र अचानक बदलले, तर वाटेत कोणी तोतया बसला असण्याची शक्यता असते आणि म्हणून तो मोठ्या अक्षरांत इशारा देतो. मी '/सर्ट-इग्नोर' लावून त्या इशाऱ्याचे तोंड बांधले होते. तो स्विच असताना सर्व्हर खरा आहे की खोटा हे पाहणारे कोणीच नसते, आणि पक्षकारांचे पॅन क्रमांक, बँकेचे तपशील व विवरणपत्रे ज्या जोडणीतून जातात तिथे ही सूट परवडणारी नाही. वायरगार्ड असल्याने धोका कमी होता, हे खरे. पण सर्व्हरच्या अंगणातल्या नेटवर्कवर वायरगार्डचे राज्य नसते.

साठवणुकीच्या जागेतही ३ च्या मालिकेत फरक पडला आहे आणि तो ठाऊक नसला की आवृत्ती बदलल्याच्या दिवशी गोंधळ उडतो. २ च्या मालिकेत विश्वासू सर्व्हरांची यादी 'नोन होस्ट्स २' या एकाच मजकूर फाइलीत ओळीओळीने असे. ३ मध्ये त्याच कॉन्फिग फोल्डरात 'सर्व्हर' नावाचे उपफोल्डर असते आणि त्यात प्रत्येक सर्व्हरसाठी, नाव व पोर्ट जोडून तयार झालेल्या नावाची, प्रमाणपत्राची वेगळी पेम फाइल राहते. म्हणून सर्व्हरचे प्रमाणपत्र बदललेले नसतानाही नवी आवृत्ती पहिल्या जोडणीला प्रश्न विचारते. सर्व्हरला कधी नावाने आणि कधी आयपीने हाक मारली तर त्याच्या दोन वेगळ्या फाइली होतात आणि एक सुधारली तरी दुसरी जुनीच राहते. सगळे फोल्डर पुसण्यापेक्षा त्या एका सर्व्हरची पेम फाइल दुसरीकडे हलवावी. बाकीच्या नोंदींना हात लावण्याचे कारण नाही.

'वाय' दाबण्यापूर्वी ठसा पडताळावा, असे सर्व मार्गदर्शनांत लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ते कोणी करत नाही, कारण ते सरळ करता येत नाही. मी अंबडच्या शाखेत फोन लावून तिथल्या सहकाऱ्याला प्रमाणपत्राच्या खिडकीतला 'थंबप्रिंट' वाचायला सांगितला. त्याने वाचायला सुरुवात केली आणि पहिलीच जोडी जुळली नाही. आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. मग लक्षात आले, की तो वाचत असलेला आकडा ४० अंकांचा होता आणि माझ्यासमोरचा ६४ अंकांचा. विंडोजची ती खिडकी शा-१ पद्धतीचा ठसा दाखवते आणि फ्रीआरडीपी शा-२५६ पद्धतीचा. प्रमाणपत्र एकच असले तरी हे दोन आकडे कधीच जुळणार नाहीत. यावर मार्ग असा : सर्व्हरवर 'सर्टिफिकेट्स'च्या खिडकीत 'रिमोट डेस्कटॉप' हा कप्पा उघडून ते प्रमाणपत्र डीईआर प्रकारात फाइल म्हणून बाहेर काढावे आणि 'सर्टयूटिल' या कमांडला 'हॅशफाइल' हा स्विच, फाइलीचे नाव आणि 'शा२५६' एवढे द्यावे. येणारा आकडा फ्रीआरडीपीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. फोनवर वाचताना पहिल्या व शेवटच्या चार जोड्यांवर समाधान मानण्याचा मोह होतो. मी पूर्ण वाचून घेतला.

हे सर्व झाल्यावर आठांपैकी सात संगणक सुरू झाले आणि आठवा अडला. लक्षण पुन्हा तेच : पासवर्डची खिडकी, फिरणारा बाण, शांतता. टर्मिनलमध्ये मात्र या वेळी प्रमाणपत्राचा विषयच नव्हता. 'लॉगॉन फेल्युअर' असा शेवट होता आणि त्याच्या बऱ्याच वर, सुरुवातीच्या ओळींमध्ये, ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीचा 'लेगसी प्रोव्हायडर' लोड झाला नाही आणि एमडी४ उपलब्ध नाही, अशी एक ओळ होती. नेहमीच्या सवयीने मी फक्त शेवटची ओळ वाचून पासवर्ड दोनदा बदलून पाहिला होता. लॉगचा शेवट परिणाम सांगतो, कारण पुष्कळदा वरच्या ओळींत असते.

याचे स्पष्टीकरण असे. डोमेन नसलेल्या छोट्या कार्यालयांत लॉगिन बहुधा एनटीएलएम पद्धतीने होते आणि तिच्यात पासवर्डचे जे रूप वापरले जाते ते एमडी४ या जुन्या गणिताने काढलेले असते. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने एमडी४, आरसी४ यांसारख्या जुन्या पद्धती मुख्य भागातून काढून 'लेगसी' या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये टाकल्या. डेबियन १३ मध्ये तो प्रोव्हायडर स्वतंत्र पॅकेजात आहे. आठव्या संगणकाची डिस्क लहान असल्याने मी तिथे शक्य तितकी पॅकेजे वगळून मांडणी केली होती आणि त्यात हे पॅकेजही नव्हते. फ्रीआरडीपीच्या कोडमध्ये यावर उपाय आहे : एमडी४ आणि आरसी४ यांची स्वतःची अंतर्गत अंमलबजावणी बिल्डच्या वेळी चालू करता येते. मी ते पर्याय बंद ठेवले होते. म्हणजे हा दोष पूर्णपणे माझ्या बिल्डचा आणि माझ्या काटकसरीचा होता. पॅकेज टाकले आणि जोडणी झाली. पुढच्या बिल्डमध्ये दोन्ही अंतर्गत पर्यायही चालू केले.

याच जातीचा आणखी एक अडथळा माझ्या ओळखीच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे, पिंपळगाव बसवंतला, भेटला. तिथे अजून विंडोज सर्व्हर २००८ आर२ आहे, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. तो टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची जुनी १.० आवृत्ती बोलतो आणि ओपनएसएसएल ३ नेहमीच्या सुरक्षा पातळीवर ते ऐकून घेत नाही, म्हणून जोडणी 'टीएलएस कनेक्ट फेल्ड' म्हणून तुटते. '/टीएलएस:सेकलेव्हल:०' दिल्यास ती जुळते. जुन्या लिखाणात हाच स्विच हायफन घालून दिलेला आढळेल. सर्व्हर बदलेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून तो त्या एका जोडणीपुरता ठेवावा, सर्वांच्या स्क्रिप्टमध्ये पसरवू नये.

मराठी टंकलेखनाबद्दलही तक्रार आली होती, ती थोडक्यात सांगतो. क्लायंट सर्व्हरकडे अक्षर पाठवत नाही, कोणती कळ दाबली तिचा संकेत पाठवतो, म्हणून इन्स्क्रिप्ट मांडणी विंडोजच्या बाजूला बसवलेली असावी लागते. '/केबीडी:' नंतर थेट मांडणीचा क्रमांक देण्याची जुनी रीत आता '/केबीडी:लेआउट:' अशी झाली आहे आणि मांडण्यांची यादी '/लिस्ट:केबीडी' दिल्यावर मिळते.

प्रमाणपत्राचा कायमचा बंदोबस्त कसा केला ते आता सांगतो. पहिला मार्ग '/सर्ट:फिंगरप्रिंट:' या स्विचमध्ये शा-२५६ ठसा लिहून ठेवण्याचा होता. तो सुरक्षित आहे, पण सर्व्हरने नवे प्रमाणपत्र बनवताच आठ ठिकाणी ठसा बदलावा लागतो, म्हणजे सहा महिन्यांचे चक्र तसेच राहते. म्हणून मी कार्यालयापुरते एक मूळ प्रमाणपत्र तयार केले आणि त्याने सही केलेले प्रमाणपत्र सर्व्हरला दिले. त्यात सर्व्हरचे नाव पर्यायी नावांच्या रकान्यातही लिहिले आणि त्याचा उपयोग सर्व्हरची ओळख पटवण्यासाठी आहे असे नोंदवले. मूळ प्रमाणपत्राची खासगी किल्ली कोणत्याही चालू संगणकावर न ठेवता पेन ड्राइव्हवर कुलपात ठेवली आहे. विंडोजमध्ये पॉवरशेलमधून रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगला या प्रमाणपत्राचा ठसा द्यावा लागतो. तिथे पुन्हा शा-१ चाच ठसा मागितला जातो, हे ध्यानात असू द्यावे. आठही डेबियन संगणकांवर मूळ प्रमाणपत्र स्थानिक प्रमाणपत्रांच्या फोल्डरात ठेवून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' ही कमांड चालवली. सर्व्हरला आयपीऐवजी नेहमी त्याच नावाने हाक मारली जावी म्हणून 'होस्ट्स' फाइलीत नाव नोंदवले, कारण नाव आणि प्रमाणपत्र जुळले नाही तर क्लायंट वेगळ्याच कारणाने प्रश्न विचारतो. स्क्रिप्टमधून प्रमाणपत्राचा प्रत्येक स्विच काढून टाकला आहे. पहिल्याच जोडणीला कोणताही प्रश्न आला नाही.

स्क्रिप्टही सुधारली. क्लायंटचे सर्व बोलणे आता तारखेच्या नावाच्या फाइलीत जाते आणि तो चूक दर्शवणाऱ्या संकेतासह बंद झाला तर त्या फाइलीतल्या पहिल्या वीस व शेवटच्या दहा ओळी एका खिडकीत दिसतात. आठव्या संगणकाच्या अनुभवामुळे पहिल्या ओळी मुद्दाम घेतल्या आहेत. खिडकी प्रथम उघडली ती ताईंच्याच संगणकावर, आणि त्यांनी फोनवर 'डीएनएस नेम नॉट फाउंड' असे अडखळत वाचून दाखवले. त्या संगणकावर 'होस्ट्स' फाइलीत नाव लिहायचे मी विसरलो होतो. फोन ठेवण्याआधी दुरुस्ती झाली.

सर्व्हरच्या नव्या प्रमाणपत्राची मुदत मी एक वर्षाची ठेवली आहे आणि ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. त्या दिवसांत कार्यालयात फारसे काम नसते. ताईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती तारीख लाल शाईने गोल केली आहे आणि खाली लिहिले आहे : अंबड, प्रमाणपत्र, दादांना फोन.